दुकानांतील पाठ केलेलें सौजन्य

श्रोतेहो, इंग्लंडमधील लेस्टर या शहरीं माझी मुलगी व जावई राहतात. त्यांच्याकडे मी कांहीं महिने राहून आलों. इंग्रजी गांवांतील मुख्य बाजाररस्त्याला तेथें 'हाय स्ट्रीट' असें म्हणतात. तसल्या एका रस्त्यावरील दुकानांत मी रोज सकाळीं वर्तमानपत्र आणावयास जात असें.

गल्ल्यापाशीं अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा उभा असे. मीं पत्र पुढें केलें कीं तो विचारी, "आज आपण कसे आहांत?" मग, "आमच्या दुकानाचें कार्ड आहे का?" मग, "ही चॉकलेटची मोठी वडी आज एका पौंडांत आहे, घेतां का?" त्यानंतर, "पिशवी हवी का?" आणि शेवटीं, "आपला दिवस आनंदांत जावो!" मी मधुमेही मनुष्य, पण मलाही रोज चॉकलेटचा आग्रह! चौथ्या दिवशीं माझा संयम सुटला. "मीं वर्तमानपत्र मागितलें आहे, मुलाखत देण्याचें कबूल केलेलें नाहीं," असें मी ताडकन बोललों. मुलाचे कान लाल झाले. तरी उरलेले पैसे परत देतांना त्यानें तें शेवटचें वाक्य उच्चारलेंच.

हें पाठांतर दुकानांत आलें कोठून? पूर्वीं फळीवरचा माल नोकरच काढून देई. तांदूळ जुना आहे कीं नवा, कापड धुतल्यावर आटेल कीं काय, हें त्यालाच विचारावें लागे. बोलणें हा त्याच्या कामाचाच भाग होता. १९१६ सालीं अमेरिकेंतील मेम्फिस शहरीं क्लॅरेन्स साँडर्स या गृहस्थांनीं 'पिगली विगली' नांवाचें दुकान उघडलें. गिऱ्हाइकानें आपल्या हातानें माल उचलावा व बाहेर पडतांना पैसे द्यावे, अशी तेथील व्यवस्था होती. पुढें ही पद्धत जगभर पसरली. तीमुळें नोकरखर्च वांचला आणि गिऱ्हाइकाला निवडीची मोकळीक मिळाली. परंतु दोघांनीं बोलावें असें कारणच फारसें उरलें नाहीं. तें उरलें नाहीं म्हणून आतां मुख्य कचेरींतील कोणी तरी संभाषण लिहून काढतो, व शेंकडों शाखांतील नोकरांकडून तें अक्षरशः म्हणवून घेतलें जातें.

या प्रत्येक वाक्यामागें हिशेब असतो. गल्ल्यापाशीं आलेल्या मनुष्याचें पाकीट आधींच उघडलेलें असतें. शंभरांतील थोडक्यांनीं जरी 'बरें, द्या' म्हटलें तरी तेवढी विक्री अधिक होते आणि विचारण्यास खर्च कांहींच नाहीं. कार्डाचेंही तसेंच. १९९५ मध्यें 'टेस्को' या ब्रिटिश कंपनीनें आपलें 'क्लबकार्ड' काढलें. सवलतीच्या मोबदल्यांत कोणत्या घरांत काय खपतें याची नोंद अशा कार्डांच्या द्वारें दुकानाच्या हातीं येते.

कांहीं दिवसांनीं तोच मुलगा मला बसच्या थांब्यावर भेटला. मीं त्याची क्षमा मागितली. तेव्हां तो म्हणाला, "साहेब, आपण रागावलांत तरी मला तीं वाक्यें म्हणावींच लागतात." साध्या गिऱ्हाइकाच्या वेषानें दुकानांत निरीक्षक येतात, कोणतें वाक्य गाळलें हें टिपतात व त्यावरून नोकराला गुण देतात. एकदां एक वृद्ध बाई शोकसंदेशाचें कार्ड घेण्यास आल्या होत्या. त्यांचे डोळे पाहून या मुलाला चॉकलेटचें नांव काढवेना. रांगेंत त्यांच्यामागें निरीक्षकच उभा होता. त्या महिन्यांत मुलाचे गुण कापले गेले, आणि 'पुन्हां असें होणार नाहीं' अशा कागदावर त्याला सही करावी लागली.

श्रोतेहो, तें ऐकून मला माझ्या त्या चतुर उत्तराची लाज वाटली. ज्या एका प्रसंगीं तो मुलगा खऱ्या अर्थानें सौजन्यानें वागला, नेमकी त्याचीच त्याला शिक्षा झाली होती. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं १९८३ सालीं 'द मॅनेज्ड हार्ट' या ग्रंथांत विमानांतील सेविकांच्या कामाचें परीक्षण केलें आणि अशा कामाला 'भावनिक श्रम' असें नांव दिलें. जो मनुष्य पगारासाठीं दिवसभर हंसतो, त्याला आपलें स्वतःचें हंसूं कोणतें हेंच पुढें ओळखूं येईनासें होण्याचा धोका असतो, असें त्यांच्या म्हणण्याचें सार आहे.

आतां कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्हींही जन्मभर मुलांकडून एका सुरांत 'नमस्ते गुरुजी' म्हणवून घेतलेंत, मग तुमच्यांत आणि त्या दुकानांत भेद काय?" आक्षेप रास्त आहे. रीतभात प्रथम पाठच करावी लागते. परंतु शाळेंत शिकलेला नमस्कार पुढें मुलाच्या मालकीचा होतो. तो कोणाला, केव्हां व कसा करावा हें तो आपल्या बुद्धीनें ठरवितो. दुकानांतील पाठांत ती बुद्धि वापरण्यासच बंदी असते. कोठें गप्प राहावें हें ज्याला ठरवितां येत नाहीं, त्याच्याकडून सौजन्याची अपेक्षा तरी कशी करावी?

हें लोण आतां आपल्याकडेही आलें आहे. पुण्यामुंबईच्या मोठ्या दुकानांत बिल करण्यापूर्वीं "मोबाइल नंबर सांगा" असें फर्मान निघतें, आणि आपण निमूटपणें तो सांगतों. नंबर दिला नाहीं म्हणून गिऱ्हाइकाला माल नाकारूं नये, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें मे २०२३ मध्यें दुकानदारांना दिलेली आहे. तेव्हां नंबर द्यावयाचा नसेल तर तसें शांतपणें सांगावें. त्यासाठीं भांडण्याचें कारण नाहीं.

कारण गल्ल्यामागें उभी असलेली मुलगी ही त्या वाक्यांची कर्ती नव्हे. तिला "नको, बाळ" एवढें हंसून म्हटलें कीं पुरे. तक्रार करावयाचीच असेल तर ती लेखी करावी, दुकानाच्या मुख्य कचेरीकडे करावी, आणि तींत नोकराचें नांव घालूं नये. उलट, एखाद्यानें प्रसंग ओळखून एखादें वाक्य गाळलें असेल, तर दुकानांतील वागणूक उत्तम होती असें मात्र अवश्य कळवावें.

परत निघण्यापूर्वीं मी त्या लेस्टरच्या दुकानांत शेवटचें वर्तमानपत्र घेतलें. माझ्यामागें रांगेंत कोणी नव्हतें. मुलानें एकवार दाराकडे पाहिलें आणि म्हणाला, "घरीं सुखरूप पोहोंचा." चॉकलेटचें नांव त्यानें काढलें नाहीं.