ईसीजीची रेघ आणि संकेतांचे प्रकार

ईसीजीच्या चौकटींच्या कागदावर उमटणारी वेडीवाकडी रेघ बहुतेकांच्या परिचयाची असते. हृदयातील विद्युत घडामोडींमुळे त्वचेवर जाणवणाऱ्या सूक्ष्म दाबाचा तो आलेख असतो. काळानुसार बदलत जाणाऱ्या आणि माहिती वाहून नेणाऱ्या अशा राशीला संकेत किंवा सिग्नल म्हणतात. हा संकेत अचूक टिपणारे उपकरण घडवणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

साधारण एक मिलिव्होल्टचा हा दाब क्षणोक्षणी, अखंडपणे बदलतो. म्हणून तो अ‍ॅनालॉग संकेत ठरतो. आजची यंत्रे मात्र तो ठराविक अंतराने, उदाहरणार्थ सेकंदाला ५०० वेळा, मोजतात आणि प्रत्येक मापाचे अंकांत रूपांतर करतात. हा झाला डिजिटल संकेत. संकेतातील सर्वाधिक वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नोंदी घ्याव्या लागतात. अन्यथा मुळात नसलेली कंपनेही आलेखात दिसू लागतात.

ठराविक काळाने जसाच्या तसा पुन्हा येणारा संकेत म्हणजे आवर्ती संकेत. निरोगी हृदयाचा आलेख जवळजवळ आवर्ती असतो. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात ठोक्यांमधील अंतर अनियमित होते आणि निदानाचा धागा तिथेच सापडतो.

तिसरा भेद निश्चित आणि यादृच्छिक संकेतांचा. घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण ईसीजीत मिसळते. पण तिचे स्वरूप आधीच ठाऊक असल्याने नेमकी तेवढीच वारंवारता गाळता येते. स्नायूंच्या थरथरीचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय तिच्या वारंवारता हृदयाच्या संकेतातही असतात. म्हणूनच रुग्णाला तपासणीच्या वेळी स्वस्थ पडून राहण्यास सांगितले जाते.

गाळण्यालाही मर्यादा असते. श्वासोच्छ्वासामुळे रेघ सावकाश वरखाली होते. ती सरळ करण्यासाठी मंद वारंवारता अवाजवी गाळल्यास ‘एसटी’ हा भाग विकृत होऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणा डॉक्टर याच भागात शोधतात. त्यामुळे कोणता संकेत ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही. त्यावर रुग्णाचे निदान अवलंबून असते.