तुलनात्मक प्राणी शरीरक्रियाविज्ञान : वैनगंगेच्या खोऱ्यातील विद्यार्थ्यांसाठी एक परिचय

बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजी (भंडारा जिल्ह्यातील याच नावाचे गाव निराळे) हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे तहसील ठिकाण आहे. येथील विद्यार्थी घरात मराठी वा पोवारी बोलतो आणि शाळेत हिंदी शिकतो. मुस्लिम कुटुंबातील असेल तर त्याला थोडीफार उर्दूही येते. बी.एस्सी.साठी तो बालाघाटला गेला तर त्याच्या हाती ‘जंतु कार्यिकी’ पडते, गोंदिया-नागपूरकडे वळला तर इंग्रजी ग्रंथ. मराठी विश्वकोशात त्याला शरीरक्रियाविज्ञान भेटते आणि उर्दू पुस्तकात ‘फ़ेलियात’. एका विषयाला इतकी नावे पाहून तो बिचकतो व तक्ते पाठ करू लागतो. वस्तुतः कार्य, क्रिया आणि फ़ेल या तिन्ही शब्दांचा अर्थ ‘करणे’ हाच आहे. शरीरातील अवयव कोठे आहे, हा प्रश्न शरीररचनेचा. तो काय करतो व कसे करतो, हा प्रश्न या शास्त्राचा. भाषेच्या अध्यापकाने या विषयावर लिहिण्याचे कारण एवढेच की अडचण पुष्कळदा शास्त्रापेक्षा शब्दांची असते.

‘तुलनात्मक’ हे विशेषण मात्र महत्त्वाचे आहे. मानवी शरीरक्रियाविज्ञान एकाच प्राण्याचा विचार करते. येथे प्रश्न एक ठेवून उत्तरे अनेक प्राण्यांकडून घेतली जातात. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९२९ मध्ये असे प्रतिपादन केले की, बहुतेक प्रश्नांसाठी असा एखादा प्राणी असतोच, ज्याच्यावर तो प्रश्न सर्वांत सोयीने अभ्यासता येतो. त्यांचे जामात क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५३-५४ मध्ये अल्जीरियातील बेनी अब्बास येथे उंटाचा अभ्यास केला. उंटाच्या मदारीत पाणी नसून चरबी असते. पाण्याची टंचाई असेल तेव्हा त्याचे तापमान पहाटे सुमारे ३४ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ४० अंशांच्या वर चढते. पाचशे किलोच्या उंटाने सहा अंश तापमान वाढू दिले तर सुमारे पाच लिटर पाणी घामावाटे घालवावे लागत नाही. आपल्याला ज्वर वाटावा ती उंटाची काटकसर आहे!

असेच दुसरे उदाहरण उत्सर्जनाचे आहे. प्रथिनांच्या पचनानंतर उरणारे नायट्रोजन बाहेर टाकणे प्रत्येक प्राण्याला भाग आहे. मासे ते मुख्यतः अमोनियाच्या रूपात टाकतात. अमोनिया विषारी असल्याने एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे अर्धा लिटर पाणी लागते. युरियाला याच्या दहावा हिस्सा पुरतो. पक्षी व पाल युरिक आम्ल टाकतात, त्याला आणखी कमी पाणी पुरते. भिंतीवरच्या पालीच्या विष्ठेचे पांढरे टोक म्हणजे हेच युरिक आम्ल. पाठ्यपुस्तकात हा तक्ता तीन ओळींचा असतो, परंतु त्यामागचा हिशेब पाण्याचा आहे हे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही. सिंगी हा मासा या तक्त्याला छेद देतो. त्याच्या शरीरात युरिया तयार करणारी यंत्रणा असल्याचे शिलाँगच्या नॉर्थ-ईस्टर्न हिल विद्यापीठातील संशोधनातून पुढे आले.

मराठी मुलखात या विषयाचे एक लक्षणीय केंद्र औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) होते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. आर. नागभूषणम् व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातील खेकडा निवडला. खेकड्याच्या डोळ्यांच्या देठात संप्रेरके साठवणारी ग्रंथी असते. शरीरातील पाणी व क्षार, रक्तातील साखर, कात टाकणे यांवर देठातील संप्रेरकांचा ताबा चालतो. परदेशी ग्रंथांत समुद्री खेकडे भरपूर होते. मराठवाड्याच्या ओढ्यातला खेकडा संशोधनपत्रिकांत गेला तो अशा कामामुळे. क्रोग यांचे तत्त्व याहून सोप्या रीतीने समजावता येणार नाही.

आज प्रयोगशाळेचे स्वरूप पालटले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन कमी करण्याच्या सूचना दिल्या व २०१४ मध्ये ते थांबविण्यास सांगितले. निर्णय योग्यच होता. पण अनेक ठिकाणी बेडूक गेला आणि त्याच्या जागी फक्त चित्र आले. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून प्राणिशास्त्राकडे आलेल्या मुलीला तीन वर्षे नुसती चित्रे दाखविली तर तिने या विषयात का रमावे? विशेषतः जिच्या घरून पुढच्या शिक्षणाची परवानगी दरवर्षी नव्याने मिळवावी लागते, तिच्यापाशी ‘मी काय शिकते’ याचे उत्तर असले पाहिजे.

ते उत्तर या भागात तळ्याकाठी मिळू शकते. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव प्रसिद्धच आहेत. ढीवर बांधव मरळ मासा बाजारात जिवंत आणतात, रोहू तसा आणता येत नाही. कारण मरळीला कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा घेणारी पोकळी असते. कल्ले तिला पुरत नाहीत. पृष्ठभागावर येऊ दिले नाही तर मरळ पाण्यातच गुदमरते. मासा बुडून मरतो हे वाक्य वर्गात उच्चारले की हशा पिकतो आणि तेथूनच अभ्यास सुरू होतो.

मरळ किती वेळा वर येते, हे घड्याळ व तापमापी घेऊन मोजता येते. मात्र येथे दोन कारणे एकमेकांत मिसळतात. पाणी तापले की माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. ढोबळमानाने दहा अंशांमागे चयापचय दुप्पट ते तिप्पट होतो. त्याच वेळी तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. मग मासा वर येतो तो गरज वाढली म्हणून की पुरवठा घटला म्हणून?

तळे स्वतःच ही गाठ काही प्रमाणात सोडवून देते. शेवाळ व पाणवनस्पतींनी भरलेल्या तळ्यात रात्रभर सर्वांचे श्वसन चालते आणि प्रकाशसंश्लेषण बंद असते. म्हणून पहाटे पाणी थंड पण ऑक्सिजन सर्वांत कमी, तर दुपारी पाणी उष्ण पण ऑक्सिजन भरपूर असतो. पहाटे आणि दुपारी अर्धा अर्धा तास, निदान दहा दिवस, एकाच जागी बसून नोंद करावी. पहाटेचा आकडा मोठा आला तर पुरवठ्याकडे बोट जाते, दुपारचा आला तर गरजेकडे. यात मासा पकडावा लागत नाही. वहीत तारीख, वेळ, पाण्याचे तापमान व आकडा एवढे चार रकाने पुरतात, आणि त्यांची शीर्षके कोणत्याही भाषेत लिहिली तरी चालतात.