लस माशाची, शोध वर्सोव्यात

तळ्यात हजारो रोहूची बोटुकली सोडलेली असताना एकेकाला पकडून सुई टोचणार कोण? नॉर्वेत सामन माशांना ते करतात आणि 1980च्या दशकाच्या अखेरपासून तिथला प्रतिजैविकांचा वापर प्रचंड घटला. पण सामन महाग. आपल्याकडे रोग आला की औषध खाद्यात मिसळले जाते आणि जीवाणू त्याला सरावतात.

1897 मध्ये हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस बनवली, ती अख्ख्या मेलेल्या जंतूंची. पेप्टाइड लशीत जंतू नसतोच. त्याच्या प्रथिनातला, प्रतिकारशक्तीला ओळखू येणारा छोटा तुकडा प्रयोगशाळेत अमिनो आम्ले एकेक जोडून तयार करतात. जंतू वाढवायची जोखीम नाही. अडचण अशी की एवढ्याशा तुकड्याची शरीर फारशी दखल घेत नाही. त्याला मोठ्या प्रथिनाची जोड लागते. शिवाय सुटा तुकडा मूळ घडीत राहतोच असे नाही. मग त्यावर तयार झालेली प्रतिपिंडे खऱ्या जंतूला ओळखत नाहीत.

खाद्यातून दिला तर पाचक रस तो फोडून टाकतात. म्हणून आवरण हवे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत एडवर्डसिएला टार्डा या जीवाणूविरुद्ध रोहूवर असे प्रयोग झाले आहेत. तिथे पेप्टाइड नव्हे, डीएनए लस वापरली; म्हणजे जंतूचे प्रथिन माशाच्याच पेशी बनवतात. तिचे सूक्ष्म कण कायटोसानचे होते. कायटोसान मिळते कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून, जी कोळीवाड्यात रोज कचऱ्यात जातात.