चेहऱ्यावरच्या लाल रेषा: लेझर मारण्याआधी

मागच्या भागात आपण वांगाबद्दल बोललो. आज नाकाच्या कडेला, गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक लाल रेषा आणि त्यांच्यासोबतचा कायमचा लालसरपणा, याबद्दल बोलायचं आहे.

मी इंदूरला प्रॅक्टिस करतो. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. लेझर मारून या रेषा घालवून टाका." मी विचारलं, चेहऱ्याला काय लावता? "काही नाही, साधी गोरेपणाची ट्यूब. मेडिकलमधून आणते. चार वर्षं झाली." ट्यूब मागवून घेतली. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड.

माझ्याकडे लाल चेहरा घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्यांदा ट्यूबच विचारतो, यंत्राचं नंतर बघू. स्टिरॉइड लावल्यावर रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो आणि माणूस खूश होतो. पण महिनोन्‌महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, खालच्या वाहिन्या रुंदावतात आणि वरून दिसायला लागतात. हे आपल्या देशात इतकं आढळतं की त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलंय, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. अशा चेहऱ्यावर प्रकाश मारायचा आणि घरी ट्यूब चालूच ठेवायची, म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसायची.

आता प्रकाश नेमकं काय करतो ते बघू. 1983 साली अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी एक तत्त्व मांडलं. शरीरातला प्रत्येक रंग ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषतो. रक्तातलं हिमोग्लोबिन 577 नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश चांगला शोषतं. तो प्रकाश अगदी थोड्या वेळासाठी दिला, तर वाहिनी आतून तापते, तिची भिंत गोठते आणि आजूबाजूची त्वचा वाचते. पुढच्या काही आठवड्यांत शरीर ती मेलेली वाहिनी हळूहळू साफ करतं.

कागदावर हे फार सुंदर आहे. अडचण अशी, की आपल्या त्वचेच्या वरच्या थरात मेलॅनिन भरपूर असतं आणि तेही हाच प्रकाश शोषतं. खालच्या वाहिनीपर्यंत पोचायच्या आधीच बराचसा प्रकाश वाटेत अडतो, आणि तिथेच उष्णता होते. गोऱ्या युरोपीय त्वचेसाठी ठरवलेली मात्रा आपल्या गव्हाळ गालावर भाजू शकते.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मी एका तरुणाला आयपीएल दिलं. (आयपीएल म्हणजे क्रिकेट नव्हे. तो लेझरही नव्हे, अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत असतो. पार्लरमध्ये त्यालाच फोटोफेशियल म्हणतात.) तो नुकताच सुट्टीत उन्हात रापून आला होता. मी विचारायला विसरलो. तीन दिवसांनी गालांवर हँडपीसच्या आकाराचे तपकिरी चौकोन, अगदी शिक्के मारल्यासारखे. ते जायला कित्येक महिने लागले, आणि तेवढे महिने तो तोंडावर रुमाल बांधून कॉलेजला जात होता. तेव्हापासून रापलेल्या त्वचेला मी यंत्र लावत नाही. आणि कानासमोर छोटा ठिपका मारून, काही आठवडे वाट पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

सावळ्या त्वचेसाठी मी बहुतेकदा 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर वापरतो. त्याला मेलॅनिन कमी शोषतं आणि तो खोल जातो. मात्र हिमोग्लोबिनही त्याला कमीच शोषतं, म्हणून ताकद जास्त लागते, आणि हात चुकला तर खोल चट्टा पडू शकतो. 595 नॅनोमीटरचा डाय लेझर लालसरपणावर चांगला, पण आपल्याकडे ते यंत्र मोजक्याच ठिकाणी आहे. यंत्र कुठलंही असो, सोबत त्वचा थंड ठेवणारी सोय हवी, डोळ्यांवर संरक्षक हवेत. पुरुषांनी एक विचारून घ्यावं: दाढीच्या भागात आयपीएलने केसही जाऊ शकतात.

दुखतं का? रबरबँड ताणून सोडल्यासारखं. एका बैठकीत भागत नाही, साधारण महिन्याच्या अंतराने दोन-चार लागतात. रोझेशियाच्या पुळ्या मात्र प्रकाशाने जात नाहीत, त्यांना औषधच लागतं. शिवाय रोझेशिया असेल तर नव्या रेषा पुन्हा येऊ शकतात. आणि गालांच्या लालीसोबत सांधे दुखत असतील, उन्हात गेल्यावर लाली भडकत असेल, तर आधी ल्युपसची तपासणी करा. त्या आजारात प्रकाश नुकसान करू शकतो.

त्या शिक्षिकाबाईंना मी लग्नाआधी काहीच करणार नाही म्हटलं. रागावून गेल्या. ट्यूब बंद केल्यावर पंधरा दिवसांत चेहरा आधीपेक्षा लाल झाला, आग व्हायला लागली. स्टिरॉइड सोडल्यावर असं होतंच, आणि बहुतेक लोक इथेच घाबरून पुन्हा ट्यूब उघडतात. त्यांनीही लग्नाच्या आदल्या दिवशी फोन केला, "एकदाच लावू का?" मी नाही म्हटलं. गार पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि पोटातून औषध, एवढ्यावर लग्न पार पडलं. फोटोत चेहरा लालच आहे.

आठ महिन्यांनी लाली बरीच ओसरली होती, अर्ध्या रेषा फिक्या पडल्या होत्या. उरलेल्यांवर तीन वेळा लेझर दिला. नाकाच्या डाव्या कडेला दोन रेषा अजून आहेत. चौथ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, "राहू द्या, चष्म्याखाली झाकतात."