बैल सोडले तरी धाव ताणलेलीच

आमच्याकडून जॉब बाहेर पडतो तेव्हा त्याचं वजन तेच असतं, मापही जवळपास तेच. चकाकी तेवढी गेलेली असते आणि अंग बारीक दाणेदार, मंद करडं दिसतं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते न दिसणाऱ्या गोष्टीसाठी: त्या पोलादाच्या वरच्या थरात आम्ही भरून दिलेल्या दाबासाठी. टाकवे बुद्रुकला आमचं शॉट पीनिंगचं युनिट आहे. गिअर, स्प्रिंगा, कनेक्टिंग रॉड असे जॉब येतात. मी तिथे तपासणी बघते.

‘तू नक्की करतेस काय?’ असं घरात विचारलं की मी बैलगाडीच्या चाकापासून सुरुवात करते. आंदर मावळात ते समजावून सांगावं लागत नाही. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, आगीत लाल करतात, फुगली की ठोकून चढवतात आणि लगेच पाणी ओततात. थंड होताना धाव आकसू पाहते, चाक तिला आकसू देत नाही. तिथून पुढे लोखंड कायम ओढलेलं आणि लाकूड कायम आवळलेलं. गाडी रिकामी उभी असो, बैल गोठ्यात असोत, ती ओढ जात नाही. बाहेरून कसलंही ओझं नसताना वस्तूच्या आत राहून गेलेला हा ताण, म्हणजेच अवशिष्ट ताण. वेल्डिंग, ओतकाम, पोलादाला पाणी देणं, ग्राइंडिंग, प्रत्येक काम आपापला ताण मागे ठेवून जातं.

तो कुठल्या जातीचा आहे, यावर जॉबचं आयुष्य ठरतं. ओढीचा असेल तर घात करतो. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात पडल्या पडल्या तडकायची. बंदूक उडवलेली नाही, धक्का लागलेला नाही, तरी तडे! काडतूस ओढून घडवताना पितळेत ताण राहिलेला होता, आणि साठवणीच्या जागी घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्यावर काम करत होता. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये ही उकल मांडली. उपाय साधा निघाला: पितळ बेताने तापवायचं, कडकपणा राखून ताण उतरवायचा. कान्हे स्टेशनवरून पुण्याच्या लोकलमध्ये बसलं की वाटेत खडकी लागते. तिथे 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. ही हकिगत वाचल्यापासून ते स्टेशन आलं की मला ती काडतुसं आठवतात.

आम्ही करतो ते याच्या उलट. गिअरच्या दाताच्या मुळाशी लाखो वेळा ओढ पडते, सुटते, पुन्हा पडते. धातू थकतो आणि बहुतेक वेळा भेग पृष्ठभागावरूनच सुरू होते. म्हणून त्या पृष्ठभागावर आम्ही पोलादाच्या बारीक गोळ्यांचा, म्हणजे शॉटचा, जोरदार मारा करतो. प्रत्येक गोळी एक सूक्ष्म खळगा पाडते. वरचा थर पसरू बघतो, खालचं पोलाद त्याला पसरू देत नाही, आणि तो थर दबून राहतो. या दाबाची खोली मिलिमीटरच्या एकदोन दशांशांची. पण तेवढ्यात भेगेला तोंड उघडणं जड जातं.

आता प्रश्न असा की दाब पुरेसा बसला हे कळायचं कसं? त्याचं उत्तर पट्टीत आहे. जनरल मोटर्समधल्या जे. ओ. अल्मेन यांनी 1940च्या दशकात ही पद्धत रूढ केली आणि आजही सगळं तिच्यावर चालतं. 76 मिमी लांब, 19 मिमी रुंद, 1.29 मिमी जाड स्प्रिंग स्टीलची सपाट पट्टी. जॉबच्या जागी ठोकळा बसवायचा, पट्टी त्यावर चार स्क्रूंनी आवळायची आणि एकाच बाजूने मारा करायचा. स्क्रू सोडले की पट्टी मार बसलेल्या बाजूला पोट काढून वाकते. ही कमान गेजवर मोजायची. वेळ वाढवत एकेक पट्टी मारत जायची. एक टप्पा असा येतो की वेळ दुप्पट केली तरी कमान दहा टक्क्यांपलीकडे वाढत नाही. तिथली कमान म्हणजे त्या सेटिंगची तीव्रता. जॉबवर एकही जागा कोरी राहिलेली नाही ना, ते मात्र दहापट भिंगाखाली डोळ्यांनीच बघावं लागतं.

प्रत्यक्ष ताण मोजायचा असेल तर नमुना प्रयोगशाळेत जातो. क्ष-किरण अणूंच्या थरांमधलं अंतर वाचतात. दाब असेल तर ते अंतर बदललेलं असतं. पण पोलादात हे किरण काही मायक्रॉनच वाचतात, म्हणून विजेच्या साहाय्याने थर विरघळवत खाली उतरायचं आणि पुन्हा मोजायचं. रोजच्या धबडग्यात ते शक्य नाही. रोजची भिस्त पट्टीवर.

त्यामुळे आमच्या टीमचं सगळं जगणं या पट्टीभोवती फिरतं. ज्याने सेटिंग केलं त्याने गेज वाचायचा नाही, हा आमचा नियम आहे. मशीनवरच्या सगळ्यांत जुन्या माणसाला आम्ही सगळे मामा म्हणतो. एकदा गाडी दारात उभी होती, पाळी संपत आली होती आणि शेवटची पट्टी राहिली होती. डिस्पॅचचा मुलगा घायकुतीला आला. ‘मामा, सकाळची पट्टी बरोबर आली ना? जॉब तर झकास दिसतायत.’ मामा शांतपणे म्हणाले, ‘जॉब बघून कळलं असतं तर पट्टी कशाला लावली असती?’ गाडी थांबली. मला या माणसांबरोबर काम करायला आवडतं ते यासाठी. खराब पीनिंग केलेला गिअर आमच्या दारात तुटणार नाही, कुठल्यातरी घाटात, कुणाच्यातरी गाडीत तुटेल.

मावळातला पाऊस म्हणजे आमची परीक्षा. हवेच्या लाइनीत पाणी आलं की शॉट गंजतो, एकमेकांना चिकटतो, नोझलमधून धार तुटक येते. त्या दिवसांत ड्रायरकडे आणि ड्रेनच्या चाव्यांकडे सारखं लक्ष ठेवावं लागतं. फुटका शॉट तर त्याहून वाईट. धारदार कडांनी तो पृष्ठभाग ओरबाडतो, म्हणजे जिथे भेग थोपवायची तिथेच तिला जागा करून देतो. म्हणून चाळणी आणि भिंग. मध्येच वीज गेली तर जॉबवर लाल टॅग लागतो आणि किती वेळ मारा झाला हे आधी वहीत जातं, बाकी बोलणं नंतर. याच दिवसांत गावच्या मुलांना इंद्रायणी भाताच्या लावणीसाठी सुट्टी हवी असते. तेव्हा बिहारकडची मुलं जादा पाळ्या ओढतात, आणि छठला ती गेली की आमची मुलं ते फेडतात. याचा कुठे कागद नाही, पण मोडल्याचं मी पाहिलेलं नाही.

नवीन मुलं आली की मी आधी मशीन दाखवत नाही. हातात वाकलेली पट्टी देते आणि विचारते, मार कुठल्या बाजूला बसला? बहुतेक जण चुकीची बाजू दाखवतात. ठोकलं की आत जाणार, असा हिशेब असतो. परवा एका मुलीने बरोबर बाजू दाखवली आणि उलट मलाच विचारलं, ‘ताई, आता मागूनही तेवढंच मारलं तर?’ आम्ही मारून पाहिलं. पट्टी जवळपास सरळ झाली. दिसायला पहिल्यासारखी, पण आता दोन्ही अंगांनी दबलेली. पातळ जॉब वाकू नयेत म्हणून त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मारा करतात, तो याच कारणाने. पुढच्या आठवड्यापासून ती मामांच्या हाताखाली सेटिंग शिकणार आहे.