उभी बाटली, आडवी बाटली

मतपत्रिकेवर कोणकोणती चित्रं असतात, सांगा पाहू? कपबशी, शिट्टी, पतंग, शिलाई मशीन... बरोबर. पण आपल्या महाराष्ट्रात एक निवडणूक अशी होते, की तिच्या मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात आणि दोन्ही बाटलीची! एक बाटली ताठ उभी, दुसरी आडवी पडलेली. उमेदवार कोणीच नाही.

ही निवडणूक दर पाच वर्षांनी आपोआप येत नाही. गावानं मागितली तरच होते. गावातलं परवान्याचं दारूचं दुकान राहावं की बंद व्हावं, एवढाच प्रश्न असतो. राहावं असं वाटलं तर उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद व्हावं असं वाटलं तर आडव्या. त्यासाठी राज्य सरकारनं २००८ साली एक आदेश काढला. बऱ्याच गावांत हे मतदान फक्त बायकांचंच झालं आहे. साहजिकच आहे म्हणा. दुकानात पैसे जातात नवऱ्याचे, पण रात्री चूल कशी पेटवायची हा प्रश्न पडतो बाईला.

समजा, तुमच्या गावात १,६०० बायका मतदार आहेत. पहिली पायरी म्हणजे अर्ज. किमान २५ टक्के, म्हणजे ४०० जणींनी सही करून किंवा अंगठा उठवून मागणी करायची. हा अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे जातो. मग सह्यांची पडताळणी होते. "ही सही तुमचीच का?" असं बाईला विचारलं जातं. ऐकायला सोपं वाटतं, नाही? पण दुकानदार नात्यानं चुलत दीर लागत असेल, त्याच्याच भावाकडून किराणा उधारीवर येत असेल आणि घरधनी रोज संध्याकाळी त्याच दुकानात बसत असेल, तर चारचौघांत "हो, माझीच!" म्हणायला केवढा धीर लागत असेल! माझ्या मते या निवडणुकीतलं सगळ्यात अवघड काम हेच. मत देणं त्यामानानं सोपं, कारण ते गुप्त असतं.

आता जरा वही-पेन्सिल घ्या. मतदानाच्या दिवशी १,६०० पैकी ९५० बायका आल्या. ७५० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, २०० जणींनी उभ्या. कोण जिंकलं?

"आडवी बाटली!" असं ओरडला असाल, तर थांबा. दुकान चालूच राहणार! कारण २००८ च्या आदेशाप्रमाणे निम्म्याहून जास्त मतं हवीत ती आलेल्या मतदारांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या. १,६०० चे निम्मे ८००. म्हणजे किमान ८०१ मतं हवीत. ५१ कमी पडली. ज्या ६५० जणी आल्याच नाहीत, त्या जणू उभ्या बाटलीच्या बाजूला जाऊन बसल्या.

आमदारकीच्या निवडणुकीत असं नसतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक झाली. मतदान झालं जेमतेम ३२ टक्क्यांच्या आसपास. दर तीन मतदारांपैकी दोघं घरीच राहिले, तरीही आमदार निवडून आल्या. तेवढं मतदान बाटलीच्या निवडणुकीत झालं असतं, तर सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारूनही काही उपयोग झाला नसता.

म्हणून ज्याला दुकान वाचवायचं आहे, त्याला कोणाचं मन वळवावं लागत नाही. बायका मतदानाला आल्या नाहीत की झालं! नेमकी त्याच दिवशी कोणी देवदर्शनाला फुकट जीप सोडली किंवा शेतावर दुप्पट मजुरी देऊ केली, तरी त्याचं काम होतं.

शिवाय यादीतल्या १,६०० जणी गावात असतात थोड्याच! कोणी लग्न होऊन सासरी गेलेली असते, कोणी पुण्या-मुंबईला. कोणी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाते ती उन्हाळ्यातच परत येते. एखाद्या आजी तर देवाघरी जाऊन चार वर्षं झालेली असतात, पण नाव यादीत असतंच. तेही १,६०० मध्ये धरलं जातं. म्हणून आदल्या आठवड्यात रिक्षावर कर्णा लावून फिरून भागत नाही. कितीतरी महिने आधी यादी घेऊन बसावं लागतं. मयत माणसाचं नाव वगळायला नमुना ७ चा अर्ज लागतो, नव्या सुनेचं नाव पहिल्यांदाच घालायचं असेल तर नमुना ६ चा, माहेरच्या यादीतून इकडे आणायचं असेल तर नमुना ८ चा.

इथे तुमची गरज लागते. तुम्हाला मत नाही हे खरं. मतासाठी १८ वर्षं पूर्ण व्हायला हवीत (१९८९ पर्यंत तर २१ लागत!). पण वाचता येतं ना? एक दोनशेपानी वही घ्यायची आणि चार रकाने पाडायचे : गावात आहे, बाहेरगावी आहे, सासरी गेली, वारली. मग आईबरोबर किंवा काकूबरोबर आळीआळीत फिरायचं. गंमत बघा, यादीत नाव असतं 'कमल', पण आळीत तिला सगळे 'बाळूची आई' म्हणूनच ओळखतात. अशा वेळी ओट्यावर बसलेली एखादी म्हातारी गाठायची. तिला तीन पिढ्यांची नावं पाठ असतात. बाहेरगावी असलेल्यांचे फोन नंबर त्याच वहीत लिहायचे. मतदानाला यायचं तर एस.टी. कितीची, मुक्काम कुठे, हेही आधीच ठरवावं लागतं.

आणखी एक काम आहे. आजीला वाटतं, जे नको त्याच्यावर फुली मारायची. बाटली नको, म्हणून ती उभ्या बाटलीवरच शिक्का मारून येईल! कागदावर दोन बाटल्या काढून तिला समजावून सांगा. शिक्का मारायचा तो आपल्याला हवं त्याच्यावर. मतदानाच्या दिवशी शेजारची तान्ही बाळं सांभाळायची, कोण अजून गेलं नाही ते वहीत पाहून सांगायचं. पण कोणी कुठे शिक्का मारला, हे मात्र घरच्यांनाही विचारायचं नाही हं!

अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातलं निघोज तुम्हाला ठाऊक असेल. कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला शाळांच्या सहली जातात, तेच. तिथल्या बायकांनी २०१६ साली असंच मतदान करून बाटली आडवी केली.

एक मात्र आहे. मतदानानं बंद होतं ते परवान्याचं दुकान. हातभट्टीला परवाना कधी नव्हताच, त्यामुळे ती मतदानानं बंद होत नाही. उलट दुकान गेल्यावर तिचं गिऱ्हाईक वाढायची भीती असते. म्हणून निकाल लागल्यावर ती दोनशेपानी वही माळ्यावर टाकायची नाही. ओढ्याकाठी भट्टी पेटलेली दिसली, तर पोलीस ठाण्यावर जायला कोणाकोणाला हाक मारायची, ते त्याच वहीत पाहून ठरवायचं असतं.