छोट्या होडीची आणखी छोटी होडी

शिडाच्या लहानशा उघड्या होडीला इंग्रज माणूस ‘डिंगी’ म्हणतो. हा शब्द त्याने नेला तो आपल्याच देशातून. हिंदी-बंगालीत नदीतल्या चिमुकल्या नावेला डिंगी म्हणतात. पुढे त्याने या शब्दाला एक छंद जोडला. तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन होडीत भरायचे, किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करायचा आणि रात्री होडीवरच कापड ताणून झोपायचे. १९६३ मध्ये फ्रँक डाय हे गृहस्थ एका साथीदारासह अशाच ‘वेफेअरर’ जातीच्या होडीतून स्कॉटलंडहून थेट आइसलंडला गेले. होडीची लांबी सोळा फुटांनाही थोडी कमीच!

सर्वसाधारण कुटुंब एवढे धाडस करीत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळाच असतो. संध्याकाळी नांगर टाकला, किनारा शंभर-दीडशे हातांवर दिसतो आहे, दूध-पाव आणायचा आहे, मुले कंटाळली आहेत. उतरायचे कसे? एसेक्स, सफोकच्या खाड्यांत ओहोटी लागली की मैलोगणती गाळ उघडा पडतो. होडी किनाऱ्याला टेकवून गावात जावे, तर परत येईपर्यंत पाणी निघून गेलेले असते आणि पुढच्या भरतीपर्यंत हात चोळत बसावे लागते. ओढत न्यावी म्हटले, तर रिकामी वेफेअररच सुमारे १७० किलोंची.

म्हणून हवा भरायची एक छोटी होडी सोबत घेतात. तिला ‘टेंडर’ म्हणतात. (सरकारी कचेरीतल्या टेंडरशी तिचा संबंध नाही, पण निवडताना सर्वांत स्वस्त तेच उचलण्याचा मोह मात्र इथेही होतो!)

हा मोह जिवावर बेतू शकतो. चौपाटीवर मुलांना खेळायला मिळणाऱ्या रबरी होड्या स्वस्त असतात, रंगीत असतात, वजनाला कापसासारख्या असतात. पण पाण्यात त्यांचा भाग थोडा आणि वाऱ्याला अंग जास्त. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर अशी होडी पाहता पाहता खोल पाण्याकडे जाते आणि खेळण्यातली वल्ही वाऱ्याला तोंड देऊ शकत नाहीत. ब्रिटनची जीवरक्षक नौकासंस्था दर उन्हाळ्यात याबद्दल कानीकपाळी ओरडत असते.

खऱ्या टेंडरमध्ये हवेचे किमान दोन स्वतंत्र कप्पे असावेत; एक फुटला तरी दुसऱ्याने तरंगता यावे. किती माणसे न्यायची हे होडीवर छापलेले असते. तो आकडा शांत पाण्याचा समजावा. दोघांसाठी साधारण सात फुटांची होडी चालते. लाकडी फळ्यांच्या तळाची होडी पायाखाली घट्ट लागते, पण तिचे वजन वीस किलोंच्या घरात जाऊ शकते, आणि डिंगीत सामान ठेवायला मुळात जागा केवढी! पीव्हीसी कापड स्वस्त, पण उन्हाने लवकर खराब होते. हायपॅलॉन महाग आणि दीर्घायुषी. मूळ कंपनीने ते बनवणे २०१० मध्ये बंद केले, तरी त्या प्रकारचे कापड आजही मिळते.

अलीकडे ‘पॅकराफ्ट’ आली आहे. दोन-चार किलोंची ही होडी उशीएवढी घडी होते. पंपही लागत नाही, कापडी पिशवीत हवा कोंडून ती आत दाबायची. दुतोंडी वल्ह्याने चालवायची. मात्र बहुतेकींत एकच माणूस बसतो, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला फेऱ्या माराव्या लागतात. आणि शिंपल्यांच्या धारदार किनाऱ्यावर ती ओढू नये, उचलून न्यावी.

रिकामी टेंडर मागे बांधून ओढत नेणे सोयीचे वाटते खरे, पण जोराच्या वाऱ्यात ती पतंगासारखी उलटते. हवा काढून घडी करणेच बरे. विकत घेण्यापूर्वी एकदा वाऱ्याविरुद्ध वल्हवून पाहावी, तेही पूर्ण वजनानिशी. दुकानात वल्ही कोणी तपासत नाही, आणि घात नेमका तिथेच होतो.

गावातून रात्री परततानाचा तो शंभर हातांचा टप्पा सर्वांत फसवा. पोट भरलेले, अंधार, थंडगार पाणी. लाइफजॅकेट होडीवर राहिलेले, कारण ‘एवढ्याशा अंतराला कशाला?’ ते जाताना अंगावरच घालून जावे. टॉर्चही बरोबर असावा.

काही जुने खलाशी टेंडर घेतच नाहीत. गुडघाभर पाण्यात नांगर टाकतात, लांब गमबूट चढवतात आणि भरतीचे वेळापत्रक खिशात ठेवून सरळ चालत किनाऱ्यावर जातात.